नागद्वार यात्रा

नागद्वार यात्रा (हिंदीत नागद्वारी यात्रा) ही मध्य प्रदेशातील पचमढीजवळ, सातपुडा पर्वताच्या महादेव डोंगररांगेतील दऱ्याखोऱ्यांतून पायी केली जाणारी वार्षिक यात्रा आहे. नागपंचमीच्या आधीच्या सुमारे दहा दिवसांत ती भरते. पचमढी नर्मदापुरम (पूर्वीचे होशंगाबाद) जिल्ह्यात असली, तरी यात्रेकरूंमध्ये विदर्भातील मराठी भाषकांचा भरणा फार मोठा असतो. नागपूर, अमरावती, वर्धा, भंडारा या जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांत ही यात्रा पिढ्यानपिढ्या चालत आली आहे.

यात्रेचा मार्ग सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या वनक्षेत्रातून जातो. वर्षातील उरलेले दिवस तो सर्वसामान्यांसाठी बंद असतो. ज्या दिवसांत तो उघडतो, ते ऐन पावसाळ्याचे असतात. त्यामुळे श्रद्धेबरोबरच वनसंरक्षण आणि यात्रेकरूंची सुरक्षितता हे दोन प्रश्न या यात्रेशी कायमचे जोडले गेले आहेत.

नाव व आख्यायिका

नागद्वार म्हणजे नागलोकाचे दार. मार्गाच्या शेवटी असलेल्या गुहेतून नागलोकात जाण्याची वाट आहे, अशी श्रद्धा आहे. महादेवाच्या गळ्यातील नाग आणि महादेवाचे डोंगर यांचा संबंध यात्रेकरूंच्या मनात सहजच जुळतो. त्यामुळे नागद्वार हे स्वतंत्र दैवत न मानता महादेवाच्याच परिवारातील स्थान मानले जाते.

वाटेवरील काजरी (काजली) या वनग्रामाविषयी एक कथा प्रचलित आहे. येथील एका स्त्रीने मूल व्हावे म्हणून नागदेवाला काजळ घालण्याचा नवस केला. मूल झाल्यावर ती नवस फेडण्यास गेली. पण नागदेवाचे अक्राळविक्राळ रूप पाहून तिने जागीच प्राण सोडला. या काजळावरून गावाला हे नाव पडले, असे सांगतात. संतानप्राप्तीसाठी नागद्वारचा नवस बोलण्याची प्रथा या कथेशी जोडली जाते.

पचमढी परिसरातील इतर स्थानांना भस्मासुराच्या कथेचा आधार आहे. वर देऊन संकटात सापडलेले शंकर भस्मासुरापासून लपण्यासाठी ज्या कपारींतून गेले, त्याच जटाशंकर आणि गुप्त महादेव, असे मानतात.

स्थान

पचमढी समुद्रसपाटीपासून १,००० मीटरहून अधिक उंचीवरील पठारावर वसली आहे. तिच्या नैर्ऋत्येस असलेले धूपगड हे सातपुड्यातील आणि मध्य प्रदेशातील सर्वोच्च शिखर असून त्याची उंची सुमारे १,३५० मीटर आहे. धूपगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरून नागद्वारची पायवाट फुटते. परिसरातील पाणी देनवा व इतर नद्यांमार्फत तवा नदीस आणि तेथून नर्मदेस मिळते.

काटोल, नरखेडकडून येणारा यात्रेकरू या प्रवासात एक मोठा जलविभाजक ओलांडतो. काटोलची जाम नदी वर्धा नदीस मिळते आणि तिचे पाणी अखेर गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते. नागद्वारच्या घळीतील पाणी मात्र नर्मदेवाटे अरबी समुद्रास मिळते.

भूरचना

काटोल तालुक्यात काळी जमीन आणि काळा पाषाण आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या लाव्हारसापासून हा बेसॉल्ट खडक तयार झाला. पचमढीचा खडक त्याहून फार जुना आणि वेगळ्या जातीचा आहे. तो वालुकाश्म असून ट्रायासिक कालखंडात, म्हणजे २० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूच्या थरांपासून बनला आहे. तो 'पचमढी वालुकाश्म' या नावानेच भूशास्त्रात ओळखला जातो आणि गोंडवन खडकसमूहात मोडतो. 'गोंडवन' ही संज्ञा भूवैज्ञानिक एच. बी. मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये याच गोंड प्रदेशावरून रूढ केली. पुढे दक्षिण गोलार्धातील प्राचीन महाखंडासही तेच नाव मिळाले.

येथील घळी आणि गुहा कशा झाल्या, हे या खडकाच्या स्वभावावरून कळते. वालुकाश्मात उभ्या भेगा असतात. पावसाचे पाणी त्यांत शिरते, वाळूचे कण सुटे करते आणि भेग हळूहळू रुंदावत जाऊन तिची अरुंद, खोल घळ होते. खडकातील लोहयुक्त थर अधिक टणक असतात. त्यांच्याखालचा मऊ थर आधी झिजतो आणि वरचा थर छतासारखा पुढे उरतो. नागद्वार, महादेव, जटाशंकर येथील गुहा व कपारी या झिजेतूनच निर्माण झाल्या आहेत. पचमढीजवळची हांडी खोह ही दरी सुमारे १०० मीटर खोल असून तिच्या भिंती जवळजवळ उभ्या आहेत. अशा दरीस स्थानिक लोक 'खोह' म्हणतात.

महाराष्ट्रात याच्याशी तुलना करता येईल अशी घळ म्हणजे अकोले तालुक्यातील साम्रदची सांदण दरी. मात्र ती बेसॉल्टमधील भेगेत तयार झालेली आहे. वालुकाश्मातील घळींची जगप्रसिद्ध उदाहरणे अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील वाळवंटात आढळतात. युटा राज्यातील झायन आणि ॲरिझोनातील अँटिलोप येथील घळी अशाच भेगांतून पाण्याने कोरल्या आहेत. तेथे पाऊस तुरळक आणि झाडोरा विरळ असल्याने उघडा तांबडा खडक दिसतो. सातपुड्यात तसाच खडक शेवाळ, नेचे आणि दाट अरण्याखाली झाकला गेला आहे.

यात्रेचा काळ

नागपंचमी श्रावण शुद्ध पंचमीस येते. यात्रा तिच्या सुमारे दहा दिवस आधी सुरू होत असल्याने मराठी पंचांगाप्रमाणे तिचा आरंभ आषाढ वद्य पक्षात होतो. मध्य प्रदेशात पौर्णिमान्त महिना पाळतात. तेथे तोच पंधरवडा श्रावण कृष्ण पक्ष ठरतो. म्हणून हिंदी सूचनांमध्ये ही संपूर्ण यात्रा श्रावणातली म्हणून सांगितली जाते, तर विदर्भातील यात्रेकरू 'आषाढात निघून श्रावणात परततो.' दोन्ही पंचांगांत दिवस तेच असतात.

इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे नागपंचमी २१ ऑगस्टला आली. २०२४ मध्ये ती ९ ऑगस्टला आणि २०२५ मध्ये २९ जुलैला होती. कोरोनाच्या साथीमुळे २०२० मध्ये यात्रा भरली नाही.

पचमढीत वर्षाकाठी सरासरी सुमारे २,००० मिलीमीटर पाऊस पडतो. नागपूरचे प्रमाण त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे. जुलै आणि ऑगस्ट हे सर्वाधिक पावसाचे महिने असल्याने यात्रेचे दिवस धुके, संततधार आणि भरून वाहणारे ओढे यांचे असतात.

इतिहास

महादेवाचे डोंगर ही कोरकू आणि गोंड या आदिवासी समाजांची भूमी आहे. महादेवाने याच डोंगरांत आपल्या पूर्वजांना निर्माण केले, अशी कोरकूंची उत्पत्तिकथा आहे. रसेल व हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवरील १९१६ च्या ग्रंथात तिची नोंद केली आहे. परिसरातील अनेक कपारींमध्ये प्राचीन शैलचित्रे असून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डी. एच. गॉर्डन यांनी त्यांचा अभ्यास केला.

ब्रिटिश अधिकारी जेम्स फोर्सिथ यांनी १८६०च्या दशकात पचमढीत वास्तव्य केले. या डोंगरांचे, तेथील लोकजीवनाचे आणि महादेवाच्या यात्रेचे वर्णन त्यांच्या १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आढळते. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना होऊन नागपूर राजधानी झाली आणि पुढे पचमढी या प्रांताची उन्हाळी राजधानी बनली.

नागपूर, छिंदवाडा आणि होशंगाबाद हे जिल्हे १९५६ पर्यंत एकाच प्रांतात, नंतर एकाच राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि काटोलहून पचमढीस जाणे म्हणजे दुसऱ्या राज्यात जाणे झाले. यात्रेची वाट मात्र बदलली नाही. महाराष्ट्रातील भाविक परराज्यातील या यात्रेत इतक्या मोठ्या संख्येने का दिसतात, याचे उत्तर या पूर्वीच्या एकत्र प्रांतात आणि सातपुड्याच्या दोन्ही उतारांवरील जुन्या दळणवळणात सापडते.

मार्ग

यात्रेकरू पचमढीहून जीपने किंवा पायी धूपगडच्या रस्त्याला लागतात. जलगली या ठिकाणाहून मुख्य पायवाट सुरू होते. एका बाजूची पायपीट सुमारे १२ ते १५ किलोमीटर असून ती बराच काळ घळीत उतरणारी आणि पुन्हा चढणारी आहे. जाऊन-येऊन पूर्ण फेरीस साधारण दोन दिवस लागतात.

कालाझाड, काजरी, पद्मशेष, पश्चिमद्वार, नागद्वार, चिंतामणी, स्वर्गद्वार ही या मार्गावरील प्रमुख स्थाने आहेत. नागद्वारची गुहा हे त्यांतील मुख्य दर्शनस्थान. गुहेत नागमूर्ती असून एका वेळी थोड्याच लोकांना आत जाता येते. चिंतामणीची गुहा अधिक लांब आहे. स्वर्गद्वार हे गुहास्थान तेथून जवळच आहे.

वाटेत काही ठिकाणी खडक इतका सरळ आहे की लोखंडी शिड्या किंवा दोर यांच्या आधाराने चढउतार करावा लागतो. काही टप्पे एकेरी आहेत. तेथे चढणाऱ्यांनी उतरणाऱ्यांसाठी थांबावे लागते आणि गर्दीच्या दिवशी लांबच लांब रांगा लागतात. मार्गावर 'हर हर महादेव'चा गजर चालू असतो. दाट धुक्यात पुढची टोळी कोठवर पोहोचली, हे मागच्यांना पुष्कळदा या गजरावरूनच कळते.

परिसरातील इतर वाटा

विदर्भातून येणारे बहुतेक यात्रेकरू केवळ नागद्वार करून परतत नाहीत. प्रवास, दर्शन आणि विसावा धरून आठवडाभराचा बेत आखला जातो. या आठवड्यात पुढील वाटा पायी केल्या जातात.

जटाशंकर : पचमढी गावापासून जवळची, दोन उंच कड्यांमधील घळ. पायऱ्यांनी खाली उतरल्यावर गुहेत खनिजयुक्त पाण्याच्या ठिबकण्यातून तयार झालेली लिंगाकार शिळा व झरा दिसतो. चालण्याची सवय नसलेल्यांना ही वाट पहिल्या दिवशी सोयीची पडते.

महादेव व गुप्त महादेव : मोठ्या महादेवाच्या गुहेत छतातून बाराही महिने पाणी पाझरते. गुप्त महादेवाची कपार इतकी अरुंद आहे की माणसाला आडव्या अंगाने सरकत आत जावे लागते आणि आतले बाहेर आल्याशिवाय पुढच्यांना शिरता येत नाही.

चौरागड : सुमारे १,३०० मीटर उंचीच्या या शिखरावर शंकराचे मंदिर आहे. चढण्यासाठी सुमारे १,३०० पायऱ्या आहेत. येथे त्रिशूळ अर्पण करण्याची प्रथा असल्याने मंदिराभोवती त्रिशुळांच्या राशी दिसतात.

धूपगड : सूर्योदय व सूर्यास्तासाठी प्रसिद्ध. पावसाळ्यात मात्र शिखर बहुधा ढगांत असते.

नागद्वारची दोन दिवसांची फेरी शरीराला सर्वाधिक थकवणारी असल्याने ती आठवड्याच्या मध्यात ठेवून तिच्या आधी एखादी सोपी वाट आणि नंतर एक दिवस विसावा ठेवणे उपयुक्त ठरते.

महादेव यात्रेशी संबंध

पचमढीत महाशिवरात्रीला भरणारी महादेवाची यात्रा नागद्वारहून वेगळी आहे. ती उन्हाळ्याच्या तोंडावर भरते आणि तिचे मुख्य स्थान चौरागड आहे. विदर्भातील भाविक खांद्यावर जड त्रिशूळ घेऊन तेथे जातात. या यात्रेच्या निमित्ताने गायिल्या जाणाऱ्या महादेवाच्या गाण्यांची मौखिक परंपरा वऱ्हाड-नागपूर भागात आजही जिवंत आहे. ज्यांना पचमढीपर्यंत जाणे जमत नाही, ते महाशिवरात्रीस मोर्शी तालुक्यातील सालबर्डी येथे जातात. महाराष्ट्र-मध्य प्रदेश सीमेवरील हे गुहास्थान विदर्भात धाकटा महादेव म्हणून ओळखले जाते.

सेवामंडळे

मार्गावर कायमची वस्ती फार थोडी असल्याने यात्रेकरूंच्या जेवणाची व मुक्कामाची सोय सेवामंडळे करतात. नागपूर आणि विदर्भातील इतर गावांची ही मंडळे यात्राकाळात ठिकठिकाणी मेणकापडाचे मंडप उभारून चहा, नाश्ता व जेवण विनामूल्य देतात. धान्य, भांडी आणि सरपण यांची जुळवाजुळव आधीपासून करावी लागते. वाहन जेथे थांबते तेथून पुढे सर्व सामान माणसांच्या डोक्यावर किंवा खांद्यावर जाते. वनक्षेत्रात स्वयंपाक, शेकोटी आणि कचरा यांविषयी वनविभागाने घातलेल्या अटी मंडळांवर बंधनकारक असतात.

वनस्पती व प्राणी

पचमढीच्या पठारावर साल (साग नव्हे) वृक्षाचे वन आहे. सालाच्या मुख्य पट्ट्यापासून दूर पश्चिमेकडे उरलेले हे वन असून त्याच्या खालच्या उतारांवर, बोरीच्या बाजूस, सागाचे अरण्य सुरू होते. साल आणि साग ही मध्य भारतातील दोन प्रमुख वने येथे एकमेकांच्या इतकी जवळ आढळतात, यामुळे वनस्पतिशास्त्रज्ञांना हा परिसर महत्त्वाचा वाटतो. ऊन न पोहोचणाऱ्या दमट घळींमध्ये वृक्षनेच्यांसह नेच्यांच्या अनेक जाती वाढतात.

वाघ, बिबट्या, अस्वल, रानगवा, सांबर हे येथील प्रमुख प्राणी होत. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेले शेकरूही या वनात आढळते.

व्याघ्र प्रकल्प आणि यात्रा

बोरीचे जंगल १८६५ मध्ये राखीव झाले. भारतात शास्त्रीय पद्धतीने व्यवस्थापन सुरू झालेल्या पहिल्या वनांपैकी ते एक आहे. १९७७ मध्ये बोरी व पचमढी अभयारण्ये आणि १९८१ मध्ये सातपुडा राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. या तिन्ही क्षेत्रांचा मिळून पुढे सातपुडा व्याघ्र प्रकल्प झाला. १९९९ मध्ये पचमढी जीवावरण राखीव क्षेत्र जाहीर झाले आणि २००९ मध्ये त्याचा युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात समावेश झाला.

नागद्वारची वाट या संरक्षणाच्या आधीपासून वापरात होती. त्यामुळे यात्रा पूर्णपणे बंद करण्याऐवजी तिला कालमर्यादा घालण्यात आली. मेळा समिती, जिल्हा प्रशासन आणि वनविभाग मिळून दरवर्षी तारखा, वाहनांची ये-जा, दुकाने आणि मुक्कामाच्या जागा ठरवतात.

या व्यवस्थेत दोन्ही बाजूंना काही सोडावे लागते. थोड्या दिवसांत हजारो माणसे एकाच अरुंद वाटेने गेल्याने माती सैल होते, ओढ्यांच्या काठचे नेचे तुडवले जातात आणि प्लास्टिक मागे उरते. घळीत टाकलेली पिशवी वाऱ्याने उडून बाहेर जात नाही. ती पुढच्या पुराबरोबर नदीत जाते किंवा कपारीत अडकून वर्षानुवर्षे तेथेच राहते. दुसऱ्या बाजूने पाहता, वर्षातील जवळजवळ साडेअकरा महिने माणसाचा वावर नसल्यामुळेच ही वाट, तिच्यावरचे झरे आणि अरण्य आजवर टिकून आहेत. यात्रेकरूला जे पाहायला मिळते ते या बंदीमुळे उरलेले आहे. म्हणून आपला कचरा परत आणणे, आखलेली वाट न सोडणे आणि मुदत संपल्यावर वनात न शिरणे या अटी यात्रा पुढेही चालू राहण्यासाठी आवश्यक ठरतात.

धोके व दक्षता

घळीतील सर्वांत मोठा धोका अचानक येणाऱ्या पाण्याचा असतो. पठारावर पडलेला पाऊस खडकाळ उतारांवरून झपाट्याने वाहतो आणि अरुंद घळीत एकवटतो. त्यामुळे जेथे आपण उभे आहोत तेथे पाऊस नसतानाही लोंढा येऊ शकतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातील अँटिलोप घळीत काही मैल दूर झालेल्या वादळी पावसाचे पाणी येऊन ११ पर्यटक मृत्युमुखी पडले. वाळवंटातील कोरडी घळ आणि सातपुड्यातील भिजलेली घळ यांत एरवी कितीही फरक असला, तरी हा नियम दोन्हीकडे सारखाच लागू पडतो. ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यात पाने-काटक्या वाहून येणे किंवा वरच्या बाजूने घरघर ऐकू येणे या खुणा दिसताच ओढा ओलांडण्याचा विचार सोडून उंच जागी जावे. बहुतेक वेळा पाऊस ओसरल्यावर काही तासांत पाणी उतरते.

शेवाळलेला वालुकाश्म अत्यंत निसरडा असतो. गुळगुळीत तळव्याच्या चपलेऐवजी खाचांचा तळवा असलेले बूट आणि हातात काठी असावी. शिडीवर एका वेळी ठरलेल्या संख्येनेच चढावे. रात्री चालणे टाळावे. तरीही प्रत्येकाजवळ स्वतंत्र बॅटरी असावी. दाट धुके आणि डोंगर यांमुळे मोबाइलवर विसंबता येत नाही. म्हणून टोळीतील शेवटचा माणूस कोण, हे आधीच ठरवून घ्यावे.

नागद्वारच्या वाटेवर सर्प दंश करीत नाही, अशी श्रद्धा काही यात्रेकरूंमध्ये आहे. सातपुड्यात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी सर्प आढळतात आणि पावसाळ्यात ते बिळांतून बाहेर पडतात. दंश झाल्यास जखम कापू किंवा चोखू नये, करकचून बांधू नये. रुग्णाला न चालवता, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून शक्य तितक्या लवकर यात्रेतील वैद्यकीय पथकाकडे व पचमढीच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. प्रतिविष हाच त्यावरचा उपाय आहे. हृदयविकार, दमा किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ला घेतल्यावरच निघावे आणि नेहमीची औषधे पाण्यापासून सुरक्षित राहतील अशी ठेवावीत.

जाण्याचा मार्ग

काटोल हे नागपूर-इटारसी लोहमार्गावरील स्थानक आहे. तेथून नरखेड, पांढुर्णा, बैतूलमार्गे इटारसीस जाऊन जबलपूरच्या बाजूची गाडी पकडावी आणि पिपरिया येथे उतरावे. पिपरियाहून पचमढी रस्त्याने सुमारे ५० किलोमीटर आहे. रस्त्याने जाताना सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया आणि मटकुली असा मार्ग आहे. नागपूर ते पचमढी हे अंतर सुमारे २६० किलोमीटर भरते. तामियाच्या पुढे घाटरस्ता असून पावसाळ्यात दरडी व धुक्यामुळे वेळ अधिक लागतो, म्हणून हा टप्पा दिवसाउजेडी पार होईल अशा बेताने निघणे इष्ट असते.